चपला काढून बसायची गाडी

मी घर पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलंच नाही. गाव विचारलं. मी म्हटलं, "अकोट." "मंग तुमी अकोट," ते म्हणाले, आणि विषय संपला. पुढे अमरावतीत त्यांच्याकडे राहिले तेवढी सगळी वर्षं मी अकोटच होते. वरच्या खोलीत बँकेतले एक गृहस्थ राहत, ते दर्यापूर. मागच्या बाजूला एक नवराबायको, ते दोघं मिळून चांदूर. सकाळी नळ आले की अंगणातून हाक यायची, "ओ अकोट! ओ दर्यापूर! पानी भरून घ्या!" माझी आई एकदा राहायला आली होती, ती दचकून उठली. तिला वाटलं, आपण बसस्टँडवरच झोपलो की काय.

त्या पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या खांद्यावरची लाल पर्स हातात घेतली. विचारणं वगैरे काही नाही. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढला, पर्सवर खसाखसा घासला आणि माझ्या नाकासमोर धरला. रुमालावर गुलाबी डाग. "कच्ची हाये," ते म्हणाले. "पांढऱ्या कपड्यावर घेत जाऊ नका." असा संताप आला मला! नवी कोरी पर्स, आणि हा कोण लागून गेला तिची परीक्षा घेणारा? मी तिथूनच परत फिरणार होते. तेवढ्यात आतून काकू पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, बाई. हे मले पाहाले आले होते ना, तवा माह्या साडीलेबी असाच रुमाल लावला होता." मला हसू फुटलं आणि मी घर घेऊन टाकलं.

काका पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे नकाशे काढणारे. कागदाला हात लावायच्या आधी बोटं रुमालाला पुसायची आणि रुमाल पाहायचा, ही नोकरीतली सवय. नोकरी संपली, नकाशे संगणकावर गेले, रुमाल मात्र खिशात राहिला. रोज धुतलेला, इस्त्री केलेला. फाटकाला रंग दिला की रुमाल. भिंतीला चुना मारला की रुमाल. एकदा मी हळदीच्या रंगाचा कुर्ता घातला होता, तर ते लांबूनच नुसते बघत राहिले. मी म्हटलं, "काका, खबरदार!" तर म्हणतात, "मी कुठी काय म्हनलं? तुमी सोताच घासून पाहजा." साड्यांच्या दुकानात काकू त्यांना कधीच नेत नसत. "हे दुकानात आले का दुकानदार डोकं धरून बसते," असं त्या सांगायच्या.

त्यांची दुसरी खोड याहून वाईट. दुकानात गेल्यावर वस्तू मागायची, पण ती कशाला हवी आहे ते सांगायचं नाही. त्यांचं ठाम मत होतं की दुकानदाराला काम कळलं की तो महागातला माल गळ्यात मारतो. नळाची तोटी आणायला गेले आणि दुकानदाराने विचारलं, "कुठं बसवायची?" की हे म्हणणार, "तुमाले काय कराचं? तोटी द्या." मग घरी येऊन ती तोटी बसायची नाही. दुसरी आणायची, तीही बसायची नाही. काकू कंबरेवर हात ठेवून दारात उभ्या. "सांगतलं असतं तं जीभ झिजली असती काय तुमची?" काका तोटी उचलून आत न्यायचे. न बसणाऱ्या तोट्यांचा एक डबाच होता त्यांच्याकडे.

आणि गाडी. गाडी म्हणजे त्या घरातलं दुसरं लेकरू. चौकोनी, फिकट पिवळी, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. त्या गाडीत बसायचं तर चपला काढून. काढलेल्या चपला पिशवीत, पिशवी डिकीत, आणि मग तुम्ही आत. पाहुणा असो, भाऊ असो, आजारी माणूस असो, कुणाला सूट नाही. भातकुलीला त्यांच्या भावाचं शेत आहे. तिथून परत येताना पायाला काळी माती लागणार, म्हणून डिकीत पाण्याची कॅन असायची. बांधावर उभं राहून पाय धुवायचे, पुसायचे, मग गाडीत. भाऊ चिडून म्हणायचा, "अबे, देवळात आलो का गाडीत?" स्वतः काकाही अनवाणीच चालवायचे. मला गाडी शिकवली ती त्यांनीच, मोकळ्या मैदानावर, अनवाणी. क्लचची लोखंडी पट्टी उन्हात तापलेली असायची, तळपाय भाजायचे. पण मैदान संपून रस्ता लागला की म्हणायचे, "सरका." रस्त्यावर त्यांनी मला स्टिअरिंग कधीच दिलं नाही.

एवढं जपूनही गाडीच्या तळाचं कार्पेट गेलंच. आमचं ऊन काय कुणाला सोडतं का! मुळात गडद निळं असलेलं ते कार्पेट राखेसारखं झालं होतं. आणि मागच्या सीटखाली डाव्या बाजूला त्याचे केस पार झिजून खालची जाळी दिसायची. ती जागा प्रज्ञाची. प्रज्ञा त्यांची एकुलती एक मुलगी. पहिलीत असल्यापासून ती त्या जागी बसून शाळेत गेली, मग कॉलेजात, मग परीक्षांना गावोगाव. पाठांतर करताना टाचा घासायची तिला सवय. शाळा दूर, रस्ता खड्ड्यांचा, आणि ही आपली टाचा घासत पाढे म्हणतेय. काका तिला कधी बोलले नाहीत. आम्हाला चपला काढायला लावणारा माणूस तो, पण त्या भोकाकडे बोट दाखवून एकदा मला म्हणाला, "हे पाह्य अकोट, एम.एस्सी.ची डिग्री." असा अभिमान मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

प्रज्ञाचं लग्न ठरलं अकोल्याला. मुलगा चांगला, माणसं चांगली. लग्न अकोल्यातच, मे महिन्यात. मुलाच्या काकांनी फोन करून मोठ्या प्रेमाने सांगितलं की ऊन फार आहे, नवरीसाठी आम्ही एसी गाडी पाठवतो. आमच्या काकांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, "पोरगी बापाच्या गाडीतून येईन," आणि फोन ठेवला.

काकू उसळल्याच. "त्या गाडीतून? पांढरी साडी नेसून?" आमच्याकडे नवरी पिवळ्या नाहीतर हिरव्या साडीत, त्यांच्याकडे, बौद्धांमध्ये, पांढऱ्या. "त्या भोकात पाय ठेवून माही पोरगी मांडवात उतरन? लोकं काय म्हनतीन, बाप्पा?" मी मधे पडले. म्हटलं, काका, येऊ द्या ना त्यांची गाडी, तुम्ही मागून या. तर ते तडक उठून बाहेर गेले. मग बराच वेळ अंगणात फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "ह्या गाडीत ती लहानाची मोठी झाली. जाताना दुसऱ्याच्या गाडीत कायले जाईन?" "मंग ते कार्पेट तरी नवं टाका," एवढंच काकू म्हणाल्या.

नवं टाकतील ते काका कसले! प्रज्ञाने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी घरच्या घरी गाडीचं कार्पेट रंगवत होता. काकांनी अर्ध्यातच फोन परत दिला. "समजलं मले." "बाबा, पुढं पाहा ना, तो शेवटी ओल्या फडक्यानं..." "समजलं म्हनलं ना."

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना झाला. सीटा काढल्या आणि माझ्या व्हरांड्यात आणून ठेवल्या. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या की सीटवर बसायच्या, एकीने तर पाठ मागे करायचा खटका ओढला आणि धाडकन आडवी झाली. कार्पेट उचकटून गच्चीवर नेलं, साबणाने धुतलं. त्यातून जे निघालं ते काय सांगू! पेन्सिलींची टोकं, चिंचोके, एक छोटी निळी बांगडी. बांगडी काकांनी उचलली, रुमालावर घासून पाहिली आणि खिशात टाकली.

रंग आणायला ते मला घेऊन गेले. दुकानदाराने सरळ विचारलं, "काका, कशाले पाह्यजे? सुती हाये का नायलॉन?" मी तोंड उघडणार, तर काकांनी माझ्या पायावर पाय दिला. "तुमाले कायले? निळा द्या. गडद." दुकानदाराने खांदे उडवले आणि जो सगळे नेतात तो, सुती कपड्याचा रंग बांधून दिला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, कार्पेट सुती नसते." तर उसळून म्हणतात, "आपन कपाशीच्या मुलखातले मानसं. आपल्याले रंग शिकवता का, अकोट?" अकोटला आमच्या घरासमोर जिनिंग होतं, उन्हाळाभर नाकात कापूस जायचा, म्हणून मला काही रंगवता येत नव्हतं. पण त्यांना वाटत होतं की आपल्याला उपजतच येतं.

गरम पाण्यात रंग, त्यात मीठ, आणि ते सगळं भावाच्या शेतातल्या नव्या फवारणी पंपात. पंप पाठीवर बांधून, नाकाला तोच पांढरा रुमाल गुंडाळून, काका गच्चीवर कार्पेटवर फवारा मारत होते. वारा होता हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. खालचा मोगरा निळा. दर्यापूरचं बनियन निळं. शेजाऱ्यांचं पांढरं मांजर कठड्यावर बसलं होतं, ते अर्धं निळं होऊन पळालं आणि मग आमच्याकडे फिरकलंच नाही. काकू खालून ओरडत होत्या, "बह्याड झाला हा मानूस!" आणि प्रज्ञा हसता हसता जिन्यात खाली बसली होती. सगळ्यात जास्त रंग त्यांनी प्रज्ञाच्या जागेला दिला. जाळी दिसू नये म्हणून ब्रशने चोळून, वाळवून, पुन्हा चोळून. तिथे थरच बसला रंगाचा.

वाळल्यावर कार्पेट खरंच देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. काकांनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. नवा रुमाल काढला, कार्पेटवर घासला आणि झेंड्यासारखा वर धरला. पांढरा! "रुमाल पांढरा राह्यला पाह्यजे," ते म्हणाले, आणि राहिला होता. काकूंनी तेवढ्यात विचारलं, "ओलं करून पाह्यलं का?" काका म्हणाले, "गाडीत काय पानी पडते? छत हाये ना वर!"

लग्नाच्या दिवशी सकाळीच ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. गाडीचा एसी कधीचा मेलेला. मुलीला उकडू नये म्हणून काकांनी काय करावं? घरच्या कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्या काढल्या, मापात कापल्या आणि मागच्या दोन्ही खिडक्यांना सुतळीने बांधल्या. वर भोकं पाडलेल्या पाण्याच्या बाटल्या टांगल्या. बाटलीतून पाणी ताटीवर, ताटीतून गार वारा आत. मी आणि प्रज्ञा मागे, काकू पुढे, काका अनवाणी स्टिअरिंगवर. आमच्या चपला डिकीत. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं, बाहेर आग लागलेली आणि आत वाळ्याचा वास, अगदी गारेगार. काका आरशातून दर थोड्या वेळाने विचारत, "बरं वाटून राह्यलं का, माय?" प्रज्ञा म्हणायची, "हव बाबा." जगात एसी नावाची वस्तू आहे हे आम्ही विसरूनच गेलो. पायाला ओल लागत होती, पण ती त्या उन्हात बरीच वाटत होती.

अकोल्याला हॉलच्या दारात गाडी थांबली. मुलाकडची सगळी मंडळी स्वागताला उभी. दारापासून स्टेजपर्यंत पांढरं कापड अंथरलेलं. प्रज्ञा उतरली, चपला डिकीतून काढायच्या आधीच तिला लोकांनी पुढे नेलं, आणि ती त्या कापडावरून चालू लागली. मी मागून पाहत होते. पांढऱ्या कापडावर एकामागे एक निळी पावलं उमटत होती. तिच्या पांढऱ्या साडीचा घेर खालून चांगला वीतभर निळा झाला होता, आणि निळं पाणी वर वर चढत होतं. मी माझे पाय पाहिले. निळे. काकूंनी पाहिलं आणि त्या कापडाच्या कडेकडेने तिच्यामागे धावल्या.

गोंधळ उडाला. कुणी म्हणे शाई सांडली, कुणी म्हणे अंगाला लागलं का. आम्ही प्रज्ञाला खोलीत नेलं. काकूंनी पिशवीतून दुसरी पांढरी साडी काढली; त्यांनी ती आणलीच होती, नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या. काका गाडीपाशी गेले नाहीत. आमच्या मागोमाग आले आणि दारातच गुडघ्यावर बसून रुमालाने तिच्या साडीचा काठ टिपायला लागले. टिपावं तेवढा रुमाल निळा होत गेला, साडी होती तशीच. "हुकलं माहं," ते म्हणाले. तोट्यांचा डबा भरला तरी कधी न निघालेला शब्द तो. "हुकलं वं माय. त्यायच्या गाडीनं आली असती तं..." आणि पुन्हा काठ टिपायला लागले. मला इतकं वाईट वाटलं, की वाटलं त्या रंगवाल्याला जाऊन आधीच सगळं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मुलाची आजी काठी टेकत खोलीत आली. तिने साडी पाहिली, खाली बसलेले काका पाहिले, काकूंच्या डोळ्यातलं पाणी पाहिलं. "काहून रडून राह्यले, बाप्पा?" ती म्हणाली. "निळाच तं हाये. लाल असता तं मी बोलली असती. निळ्याचं आपल्याले कवापासून वावडं झालं?" आणि काठी आपटत निघून गेली.

काकूंनी तरी दुसरी साडी पुढे केली. प्रज्ञाने ती घडीसकट त्यांच्या हातात परत दिली. "राहू दे, आई."

"बदल नं, माय," काका खालूनच म्हणाले.

"काहून बदलू? तुमच्या गाडीतून आली मी. लोकायले दिसलं पाह्यजे." आणि तिने बापाला हाताला धरून उठवलं.

तशीच ती स्टेजवर बसली. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं. ज्याचं त्याचं लक्ष तिच्या निळ्या काठाकडे होतं, पण ती अशी ताठ बसली होती की बायका एकमेकींना विचारायला लागल्या, ही नवी फॅशन आहे का. मुलगी सोपवायची वेळ आली तेव्हा काकांना रडू आवरेना. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, गाल पुसले, कपाळ पुसलं. वर पाहिलं तेव्हा सगळं तोंड निळं. मग प्रज्ञा हसली, आजी हसली, काकू तर पदर तोंडात धरून हसत होत्या. आणि काकांना कळेचना की आपण रडत असताना सगळे का हसतात. फोटोग्राफरने तेवढ्यात टिपलेला तो फोटो आता प्रज्ञाच्या घरात भिंतीवर आहे. जाते तेव्हा मी तो पाहते आणि प्रत्येक वेळी हसता हसता डोळे भरून येतात.

परत निघालो ते ऊन उतरल्यावर. मागे मी एकटी. मूर्तिजापूरच्या अलीकडे काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, डिकीतले बूट घालत न बसता अनवाणीच उतरले आणि मागचं डावं दार उघडलं. खिडकीची बाटली घेऊन उरलेलं पाणी प्रज्ञाच्या जागेवर ओतलं. रुमालाचा एक कोपरा अजून पांढरा होता. तो त्यांनी ओल्या कार्पेटवर घासला, जोर लावून घासला, आणि उजेडात धरला. कोपरा पांढराच राहिला.

"ओलं करून पाह्यलं या वक्ती," ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. "जेवढा जाचा होता तेवढा तिच्यासंग गेला. राह्यला तो पक्का हाये."

काकूंनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

काकांनी डिकी उघडून बूट काढले, घातले, नाड्या बांधल्या. मला वाटलं चहाला जायचं असेल. ते मागे आले, चाबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सरका, अकोट. मले आता रस्ता दिसून नाई राह्यला." मग धुळीच्या बुटांसकट प्रज्ञाच्या जागेवर बसले आणि दोन्ही पाय त्या कार्पेटवर टेकवले. मी पुढे जाऊन बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्ही दोघी निळ्या पायांनी अनवाणी होतो आणि बुटांबद्दल दोघींपैकी कुणीच काही म्हटलं नाही. मी गाडी रस्त्यावर घेतली.